मदत हवी आहे: १९६८ ची कॅमॅरो, ट्रकचं ५.३ इंजिन, आणि पत्र्याला करवत लावायची नाही

मंडळी,

पंधरा दिवस एकाच जागी अडकलोय. ज्यांनी असं काम स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा.

गाडी १९६८ ची शेव्हरोले कॅमॅरो. मी राहतो सॅन होजेजवळ, आणि गाडीही कॅलिफोर्नियाचीच, व्हॅन नाइजच्या कारखान्यातली. चासी नंबरातलं 'एल' अक्षर तेच सांगतं. जन्मभर कोरड्या हवेत राहिल्यामुळे पत्रा खणखणीत आहे. इंजिन मात्र थकलं. मूळचं ३२७ क्युबिक इंचाचं व्ही-८, रिंगा गेल्यात, ऑइल खातं, सकाळी सुरू केलं की मागे निळा धूर. पण इंजिनवर ठोकलेला नंबर चासीच्या नंबराशी जुळतो, त्यामुळे ते विकायचा प्रश्नच येत नाही. उतरवून, तेल लावून स्टँडवर झाकून ठेवलंय. सवडीने बांधीन आणि एक दिवस परत तिथेच बसवीन. म्हणूनच अट अशी, की आज जे काही करायचं ते नटबोल्टने. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही.

तोवर गाडी चालती ठेवायला २००२ च्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं एलएम७ घेतलंय. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमची, थ्रॉटल केबलचा. भंगारवाल्याकडून 4एल60ई गिअरबॉक्स, कॉम्प्युटर आणि वायरिंगही त्याच ट्रकमधून काढून आणलं. जुना गिअरबॉक्स, पॉवरग्लाइड, दोनच गिअरचा आहे. मागच्या ३.०८ गुणोत्तराच्या डिफरन्शियलवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला साधारण २६०० फेऱ्यांवर ओरडत असतं. नव्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे त्याच वेगाला १८०० च्या आसपास. लांबच्या प्रवासात हाच खरा फायदा.

आता अडचण. अडॅप्टर प्लेटा लावून इंजिन फाउंडेशनवर बसवलं, मागे गिअरबॉक्सही जुळला. खाली झोपून बघतो तर ट्रकचा ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) पुढच्या क्रॉस मेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या आडव्या तुळईच्या, खाली दोन बोटं लोंबतोय. पहिल्याच स्पीडब्रेकरला फुटेल. इथल्या एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं, "क्रॉस मेंबरला खाच मारू, तासाभराचं काम." त्याच मेंबरवर पुढचं सगळं सस्पेन्शन उभं आहे. मला ते पटत नाही. तुम्ही काय केलंत?

दुसरं पेट्रोलचं. जुन्या यांत्रिक पंपाचा दाब पाच-सात पीएसआय, या इंजिनला इंजेक्टरपाशी ५८ लागतात. टाकीबाहेर चासीवर इलेक्ट्रिक पंप लावून पाहिला. अर्ध्या तासात इतका तापला की हात टेकवेना, आणि आवाज डब्यात भुंगा कोंडल्यासारखा.

थोडं माझ्याबद्दल. नाशिकला बाबांच्या पद्मिनीवर शिकलो. पॉइंटची फट हॅक्सॉच्या ब्लेडने बघायची, कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करायचं, ते हाताला आजही येतं. इंजेक्शन आणि कॉम्प्युटर मात्र नवं आहे. बाबा मे महिन्यात इकडे येतायत, वय ७६. त्यांना शेजारी बसवून समुद्राकाठच्या रस्त्याने एकदा तरी न्यायचं आहे, म्हणून घाई.

प्रतिसाद १ (ह्यूस्टन)

खाच अजिबात मारू नका. मी १९६९ च्या कॅमॅरोत हेच केलंय. इंजिन तेच राहू द्या, चेंबर बदला. हॉली कंपनी जुन्या गाड्यांत एलएस घराण्यातलं इंजिन (तुमचं एलएम७ त्यातलंच) बसवण्यासाठी उथळ चेंबर बनवते. मागवण्याआधी तुमच्या प्लेटांशी जुळतो का ते विचारून घ्या, कारण प्लेटेवर इंजिन पुढे-मागे होतं. चेंबर बदलला की आतली पिकअपची, म्हणजे पंपासाठी ऑइल ओढणारी, नळीही बदलते. तिच्या तोंडाशी रबराची ओ-रिंग असते, ती नवी घाला, तेल लावून सरळ ढकला, आणि बोल्ट आवळताना नळी तिरकी होऊ देऊ नका. रिंग चिमटली तर पंप हवा ओढतो, ऑइल प्रेशर पडतं, आणि चेंबर पुन्हा खोलावा लागतो. माझा खोलावा लागला होता.

पेट्रोलसाठी आतमध्ये पंप असलेली नवी टाकी घ्या, जुन्याच पट्ट्यांवर बसते. जुनी टाकी माळ्यावर ठेवा. पंप पेट्रोलात बुडालेला असला की थंड राहतो. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटच्या पेट्रोल फिल्टरमध्येच ५८ पीएसआयचा दाब राखणारा रेग्युलेटर असतो, तो टाकीजवळ लावला की इंजिनपर्यंत एकच नळी न्यावी लागते.

आणि दादा, तुमच्या पुढच्या चाकांना अजून ड्रम ब्रेक असतील तर आधी डिस्क बसवा. वडिलांना बसवायचं आहे ना?

प्रतिसाद २ (कोल्हापूर)

कॅमॅरो कधी हात लावून पाहिलेली नाही, पण ऑटो इलेक्ट्रिकचं काम वीस वर्षं करतोय. जुन्या गाडीत नवं इंजिन बसलं की निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. इंजिन ते बॉडी, बॉडी ते चासी, बॅटरी ते इंजिन, तिन्ही ठिकाणी जाड अर्थ द्या. रंग खरवडून, चकचकीत धातूवर. अर्थ कच्चा असेल तर सेन्सर खोटं सांगतात आणि माणूस उगाच सेन्सर बदलत बसतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चेंबर, पिकअप आणि दोन ओ-रिंगा आजच मागवल्या, एक जादा. पुढे ड्रमच आहेत, त्यामुळे डिस्कचा संच टाकीच्या आधी. कोल्हापूरच्या काकांचं वाचून लगेच खाली बघितलं: इंजिनपासून बॉडीकडे अर्थची एकच बारीक तारेची वेणी होती, तीही रंगावर आवळलेली.

एक प्रश्न उरला. जुना स्पीडोमीटर केबलवर चालतो, या गिअरबॉक्समधून मात्र फक्त विजेचा सिग्नल येतो. मूळची तबकडी तशीच ठेवून आत मोटर लावून तो फिरवता येतो का? कुणी केलं असेल तर काटा थरथरतो का, तेवढं सांगा.