बिंबाभ्रिका की ग्रहीय तेजोमेघ?

प्रश्न: म्हाताऱ्या ताऱ्यातून बाहेर पडलेल्या वायूच्या उजळ मेघाला एका लेखात ‘ग्रहीय तेजोमेघ’ म्हटलेलं वाचलं. ग्रहांचा इथे संबंध काय? आणि असा मेघ तयार होताना तारा ‘फुटतो’ म्हणायचं का?

प्रतिसाद: संबंध काहीही नाही. अठराव्या शतकातल्या दुर्बिणींतून हे मेघ ग्रहबिंबासारखे वाटोळे आणि फिकट दिसत. स्वरमंडळ या तारकासमूहातला कंकणाकृती मेघ फ्रेंच निरीक्षक दार्कीए यांनी १७७९ मध्ये पाहिला, तेव्हा त्यांना तो मावळत्या तेजाच्या ग्रहासारखा वाटला. पुढे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी ‘ग्रहीय’ हे विशेषण रूढ केलं. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्स यांनी अशाच एका मेघाचा वर्णपट घेतला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत विभागून पाहिला. त्यात विरळ वायू देतो तशा सुट्या तेजस्वी रेषा निघाल्या. म्हणजे हा विरळ वायू, ग्रह नव्हेच. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. मला याच मेघांसाठीचा दुसरा शब्द, ‘बिंबाभ्रिका’, पसंत आहे. तो शब्द फक्त दिसण्याबद्दल बोलतो, ग्रहांना मध्ये ओढत नाही.

‘फुटतो’ मात्र नको. सूर्याएवढा किंवा त्याच्या साधारण आठपट वस्तुमानापर्यंतचा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. त्याचा पृष्ठभाग इतका दूर गेलेला असतो की गुरुत्वाची पकड सैल पडते. तारा स्पंदन पावतो, थंड होणाऱ्या वायूत धूलिकण तयार होतात, प्रकाश त्यांना बाहेर रेटतो आणि ते वायूलाही सोबत नेतात. शेवटी गाभा उघडा पडतो. त्याचं तापमान ३०,००० केल्व्हिनच्या वर गेलं की त्याच्या अतिनील किरणांनी बाहेर पडलेला वायू उजळतो. हा देखावा काही हजार वर्षं टिकतो, ताऱ्याच्या हिशेबात अगदी थोडा वेळ.

प्रश्न: मग ‘तारा कात टाकतो’ कसं वाटतं?

प्रतिसाद: ऐकायला छान, पण मराठीत कात टाकली म्हणजे नव्या दमाने उभं राहिलं. इथे उरतो तो श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा उघडा पडलेला गाभा, ज्यात इंधन जळत नाही, फक्त साठलेली उष्णता निघून जाते. ‘बाह्य आवरणं झडतात’ किंवा ‘तारा बाह्यस्तर सोडतो’ असं लिहा.

दुसरा प्रतिसाद: ‘फुटतो’ हे खेकडा मेघासाठी राखून ठेवा. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचा (सुपरनोव्हा, खरोखर स्फोट झालेला तारा) तो अवशेष, त्यामुळे त्याला बिंबाभ्रिका म्हणता येत नाही. आणि नुसतं ‘तेजोमेघ’ लिहिलं तर मृगातला, तारे जन्माला घालणारा मेघही त्यात येतो, म्हणून पहिल्या उल्लेखात तरी पूर्ण शब्द वापरावा.