मदत हवी आहे: सासरची फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ, एकाच माणसाची तीन आडनावं

नमस्कार मंडळी,

माझं सासर मॅसॅच्युसेट्समधलं, पण मूळचं क्वेबेकचं. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून सुमारे नऊ लाख माणसं अमेरिकेत आली, बरीचशी न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. सासऱ्यांचे आजोबा त्यांतलेच, लोवेलच्या गिरणीतले. माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तांत घरी आहे. लेक तो चाळून विचारते, बाबांकडचा कुठाय? सासरे आता थकलेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हे जुळावं असं फार वाटतं.

अडलंय ते असं. १९१०च्या जनगणनेत आजोबा 'जोसेफ ग्रीनवुड'. थडग्यावर 'ब्वाव्हेर'. आडनावाचं सरळ इंग्रजी करून घेतलं, इथवर कळलं. पण क्वेबेकमधल्या लोबिन्येर गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या ज्या नोंदीत साल आणि आईवडील जुळतात, तिथे 'द नेव्हेर दि ब्वाव्हेर' आहे आणि त्यांचा थोरला भाऊ नुसताच 'द नेव्हेर'. घराणं एक की दोन? शिवाय त्या घरचे सगळे मुलगे जोसेफच!

आणखी एक, जरा नाजूक. जोसेफच्या आईचं नाव सगळीकडे 'मारी गान्यों', अगदी दफनाच्या नोंदीतसुद्धा. नवऱ्याचं आडनाव कुठेच नाही. लग्न लागलं नव्हतं का? सासऱ्यांना विचारायला जीभ रेटत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.
– मृण्मयी

प्रतिसाद: क्वेबेकवासी

मृण्मयीताई, आधी नाजूक प्रश्नाचं. काळजी सोडा. तिकडच्या चर्चच्या नोंदींत बाई शेवटपर्यंत माहेरच्याच आडनावाने असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांच्या नावांआधी 'लेजितिम मारियाज' हे शब्द शोधा. असतील तर मूल रीतसर लग्नातलं.

घराणं एकच असणार. 'दि' म्हणजे आपलं 'ऊर्फ'. १६६५मध्ये फ्रान्सहून कारिन्यां-सालिएर पलटणीचे बाराशेच्या आसपास सैनिक इकडे आले, त्यांना लष्करी टोपणनावं असत. काही नावं गावावरून, शेतावरून पडली. पुढे एका भावाने पहिलं धरलं, दुसऱ्याने दुसरं. मूळ आडनाव मागे पडून कुलकर्णी, देशमुख उरलं, तसंच. म्हणून दोन्ही नावांनी शोधत जा.

मुलग्याला जोसेफ आणि मुलीला मारी हे बाप्तिस्म्याच्या वेळी लावायची कॅथलिक रीतच होती. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं.

आता बाप्तिस्मे बाजूला ठेवा आणि लग्नाच्या नोंदीला लागा. त्यात वधूवर दोघांचे आईवडील असतात, आयांची माहेरची आडनावंही. एक लग्न सापडलं की एक पिढी वर चढता येते. नोंदवह्या दोन प्रतींत असत, एक चर्चकडे, एक न्यायालयाकडे. त्यामुळे चर्च जळालं तरी धीर सोडायचा नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर स्कॅन फुकट बघता येतात. अनुक्रमणिकेत नाव नसलं तर पानं उलटून बघा, मी स्वतः तसंच करते.

मृण्मयी

'लेजितिम मारियाज' आहे! किती हलकं वाटलं म्हणून सांगू. सासऱ्यांना लगेच वाचून दाखवलं. जोसेफच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंदही मिळाली, पण मारीच्या नावापुढे 'व्हव' असं काहीतरी आहे, नंतर कुणा पुरुषाचं नाव आणि तिच्या आईवडिलांचा पत्ताच नाही.

क्वेबेकवासी

'व्हव' म्हणजे विधवा. तो पुरुष तिचा पहिला नवरा. पुनर्विवाहात आईवडिलांऐवजी बऱ्याचदा आधीच्या जोडीदाराचंच नाव लिहीत. त्या नवऱ्याच्या नावाने पहिलं लग्न शोधा, शक्यतो मारीच्या माहेरच्या गावी. लग्न बहुतेक वधूच्या चर्चमध्ये लागायचं. अक्षर लागलं नाही तर पानाचा फोटो इथे टाका, मिळून वाचू.