फुग्यांचा गेम: तुम्ही हिरवे की निळे?

टायटोचा 'पझल बॉबल', १९९४ चा. गल्लीबोळातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत ज्यांनी तो खेळलाय, त्यांच्यासाठी हा धागा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शाळेमागं असंच एक दुकान होतं. मुस्तफा (म्हणजे मारामारीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स') आणि फायटिंगच्या मशीनवर ही झुंबड, आणि फुग्यांचं मशीन कोपऱ्यात एकटं. माझ्यासारख्या हडकुळ्या पोराला दुसरीकडं जागा कोण देणार? मी तिथंच रमलो.

खेळ सगळ्यांना माहीत आहेच. वर रंगीत फुगे, खाली आपला डायनासोर (खरं तर ड्रॅगन, पण कोल्हापुरात त्याला ड्रॅगन म्हटलेलं मी ऐकलं नाही), तो एकेक फुगा वर मारतो, एका रंगाचे तीन जुळले की फुटले. छत हळूहळू खाली येतं. पण खरा नाद फोडण्यात नाही, पाडण्यात. फुटलेल्या फुग्याला १० गुण. त्याला लटकलेले जे निराधार होऊन पडतात त्यांत एकाला २०, दोनांना ४०, तिनांना ८०, असं दुप्पट होत होत १७ फुगे एकदम पाडले तर १३,१०,७२०! हे कळल्यावर मी एक-एक फुगा फोडणाऱ्यांकडं कीव करून बघायला लागलो.

तर मुद्दा असा. डावीकडं उभा राहील तो हिरवा बब, उजवीकडचा निळा बॉब. निवडायची सोय नाही. आमच्यात नियम होता: कॉईन ज्याचा, हिरवा त्याचा. तुमच्यात कसं ठरायचं? येऊ द्या अनुभव.

शाहूपुरीवाली
आमच्या पप्पांचंच दुकान होतं वो. पुढं एसटीडी बूथ, मागं दोन मशीन. पोरी दुकानात खेळायला यायच्या नाहीत, पण मी मालकाची पोरगी. दुपारी पप्पा शटर अर्धं ओढून जेवायला बसायचे तेव्हा मशीन माझं. कॉईनचं दार उघडून आतला स्विच दाबला की फुकटात क्रेडिट चढायचं.

दादा आला की मला उजवीकडं ढकलायचा.
"तू निळा."
"मी आधी आलो की रे!"
"गप खेळ."

मग मी निळी होऊन त्याची धुलाई करायचे. माझी पद्धत एकच. एका फुग्याच्या आधारावर खाली मोठा घड लटकवत न्यायचा, तो फोडायची घाई करायची नाही. दादा म्हणायचा, आता मरतीस बघ. मी वरचा आधार फोडला की सगळा घड खाली, आणि तेवढा फुग्यांचा कचरा त्याच्या पडद्यावर. हरला की त्याचं ठरलेलं, "डावी दांडी ढिली आहे."

कट_जास्त
मला मुस्तफाच आवडायचा. फुगे बारक्या पोरांचं काम. चालू द्या.

पन्हाळा_रोड
माझा अनुभव जरा वेगळा आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत मला कुणी जोडीला घ्यायचं नाही. मी म्हणे हिरव्यावर तांबडा मारतो. मित्र ओरडायचे, "आंधळा आहेस काय?" मला वाटायचं मशीनचाच पडदा खराब आहे, रंग उतरलेत. खेळताना मी रंग बघतच नव्हतो, बाकीच्यांच्या आवाजावरून नेम धरायचो. "व्हय व्हय" आलं की सोडायचा, "अरं अरं" आलं की दांडी वळवायची.

बारावीनंतर एका भरतीच्या मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांची पुस्तिका पुढं केली. शेजारच्याला त्यात आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. तांबडा-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, असं कागदावर लिहून मिळालं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तुझ्या मामाचं पण तसंच आहे की." हे आईच्या बाजूनं येतं, हे मला तेव्हा कळलं. मामानं मात्र आयुष्यभर टोमॅटो मामीकडूनच निवडून घेतले, कुणाला पत्ता नाही.

पुढं इंजिनिअरिंगला गेलो. लॅबमध्ये लिनक्स, आणि त्यात 'फ्रोझन बबल'. पझल बॉबलचाच भाऊबंद, २००२ चा, फुकट, डायनासोरच्या जागी पेंग्विन. एका सिनियरनं दाखवलं की सुरू करताना कलर-ब्लाइंडचा पर्याय दिला की प्रत्येक रंगाच्या फुग्यावर वेगळी खूण येते. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाच्या आरोळीशिवाय खेळलो. जिंकलो की नाही ते विचारू नका, पण शंभर लेव्हल संपवल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही असं वाटलं. प्रॅक्टिकलची वही तशीच राहिली.

धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर: मी हिरवा होतो की निळा, हे मला दांडीच्या बाजूवरून माहीत होतं.

जुनी_कॅसेट
थोडी भर. बब आणि बॉब मूळचे १९८६ च्या 'बबल बॉबल'मधले. दोघं भाऊ, शापानं ड्रॅगन झालेले. शंभर लेव्हल, आणि खरा शेवट बघायचा तर दोघांनी मिळून खेळावं लागतं, एकट्याला मिळत नाही. तो बनवणाऱ्या फुकियो मित्सुजींना मुलींनी, जोडप्यांनी आर्केडमध्ये (व्हिडिओ गेमच्या दुकानात) यावं असं वाटायचं. शाहूपुरीवाली ताई, तुम्ही अर्ध्या शटरआड का होईना, त्यांचं ऐकलंत.

आणि निवडायची सोय नाही हे सुरुवातीच्या भागांपुरतंच खरं. 'पझल बॉबल ३' मध्ये पात्र निवडता येतं, आणि कोण घेतलंय त्यावर समोरच्याकडं जाणाऱ्या फुग्यांची रंगांची मांडणी बदलते. म्हणजे गोंडस चेहरा बघून पात्र घेतलं की फसलात. मी एमुलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) खेळताना चेहऱ्याकडं न बघता मांडणी पाठ केली.

राजारामपुरी_७
माझा नाही, आमच्या आत्तींचा अनुभव. २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं, त्या आमच्याकडं राहायला आल्या. लाईट नाही, बाहेर पाऊस. मुलीनं मन रमावं म्हणून फोनवर 'बबल विच' लावून दिला. त्यातली चेटकीण त्यांना अजिबात पटली नाही, "ही काय अवदसा" म्हणाल्या, पण फोन सोडेनात. लाईफ संपल्या की घरातला दुसऱ्याचा फोन मागायच्या. शेवटी फोन गाडीत चार्ज करायची पाळी आली. पूर ओसरला, आत्ती घरी गेल्या, गाळ काढला. आता त्यांची लेव्हल माझ्या कितीतरी पुढं आहे.

तालमीतला_कॅरम
भिंतीला लावून मारायचा शॉट कुणीच काढला नाही? कॅरममधल्या रिबाउंडसारखाच, ज्या कोनात लागेल त्याच कोनात परत. पण कॅरमची कड थोडा जोर खाते, गेममधली भिंत काही खात नाही, म्हणून तालमीतले पट्टीचे इथं सुरुवातीला चुकतात. आणखी एक: पडद्यावर जे रंग उरलेत त्यांतलाच फुगा हातात येतो. म्हणून एखादा रंग आधी पूर्ण संपवायचा, पुढचं सोपं जातं.

शाहूपुरीवाली
धागा दादाला पाठवलाय. बघू काय म्हणतो.

शाहूपुरीवालीचा_दादा
सगळे पहिल्यांदा हिरवाच घ्यायचे, म्हणून डावी दांडीच जास्त झिजायची. ढिलीच होती. पप्पांना विचार.