पहिला कृष्णधवल रोल घरी धुवायचाय, डेव्हलपर कोणता घ्यावा?

फिल्मवेडा
एचपी५ प्लस या फिल्मचे ३५ मिमीचे रोल आहेत, सगळे ४०० आयएसओवरच काढतो. महिन्याला एक, फार तर दोन रोल होतील. पॅटरसनचा दोन स्पायरलचा (फिल्म गुंडाळायच्या चकत्यांचा) टँक, चेंजिंग बॅग (उजेड न लागता फिल्म भरायची पिशवी), थर्मामीटर, रॅपिड फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) एवढं जमवलंय. अडलंय ते डेव्हलपरपाशी, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनापाशी. डी-७६, एचसी-११०, रोडिनल, इल्फोसोल ३ ही नावं वाचून वाचून गोंधळ वाढलाच आहे. बाटली पडून खराब होऊ नये आणि मोजमापात थोडं इकडेतिकडे झालं तरी रोल हातचा जाऊ नये, एवढीच अपेक्षा. नळाचं पाणी २७ अंशांचं येतं, त्याचंही काय करायचं ते सांगा. पावडर घेऊ की द्रव?

उलटीप्रतिमा
डी-७६ किंवा आयडी-११, एक लिटरचं पाकीट. दोन्हींचं सूत्र जवळजवळ एकच आहे. १+१ करून, म्हणजे एक भाग द्रावणात एक भाग पाणी घालून, वापरायचा आणि काम झालं की ओतून द्यायचा. नवशिक्याला हे सोयीचं पडतं कारण वेळ लांब मिळते. २० अंशांना एचपी५ला डी-७६ १+१ मध्ये ११ मिनिटं लागतात. टँकमध्ये ओतताना दहा-पंधरा सेकंद मागेपुढे झाले तरी ११ मिनिटांत फरक कळत नाही. तेच पाच मिनिटांच्या डेव्हलपरला लगेच दिसतं.

एचपी५ बनवणाऱ्या इल्फर्डच्या तक्त्यात आयडी-११ १+१ ला १३ मिनिटं दिली आहेत. सूत्र तेच असून आकडे वेगळे बघून घाबरू नका. एक पाकीट निवडा आणि त्याचीच वेळ पाळा.

पाकीट अर्धं अर्धं करून विरघळवू नका. भुकटीतले घटक हलके-जड असतात, वाहतुकीत त्यांचे थर बसतात. वरच्या अर्ध्यात काय आलं आणि खाली काय राहिलं हे सांगता येत नाही. डी-७६ला ५० ते ५५ अंशांचं पाणी लागतं, आयडी-११ला ४० पुरतं. आयडी-११ मध्ये दोन पुड्या असतात. अ पूर्ण विरघळली की मगच ब टाका. पाऊण लिटर पाण्यात विरघळवून मग एक लिटरपर्यंत भरा, आणि रात्रभर निवू द्या.

हॅलाइड
वरच्या सल्ल्याशी सहमत, पण महिन्याला एकच रोल असेल तर स्टॉकच्या, म्हणजे विरघळवून ठेवलेल्या मूळ द्रावणाच्या, आयुष्याचा विचार आधी करा. काठोकाठ भरलेल्या बाटलीत डी-७६ सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी झाली की दोन. म्हणजे एका लिटरच्या बाटलीतून रोल काढत गेलात तर शेवटचे दोन रोल संशयात.

म्हणून काही जण एचसी-११० सुचवतील. ३०० मिलिला साडेनऊ मिलि, १+३१, लागेल तेवढंच सिरिंजने काढायचं. मात्र त्यात एचपी५ पाच मिनिटांत होतो. २४ अंशांना तर साडेतीन मिनिटांवर येतो, आणि एवढ्या कमी वेळात आकाशात पट्टे उमटतात. १+६३ करून वेळ दुप्पट करतात, पण मग रोलमागे किमान सहा मिलि कॉन्सन्ट्रेट (बाटलीतला मूळ द्रव) जायला हवं, म्हणजे टँकमध्ये ४०० मिलि भरा. आणखी एक. जुना घट्ट पाकासारखा एचसी-११० वर्षानुवर्षं टिकायचा. आताचा पातळ आहे, जुन्याची ख्याती त्याला लावू नका.

काळीपिशवी
रोडिनल टिकण्यात सगळ्यांचा बाप. १८९१ पासूनचं सूत्र, बाटलीत काळपट झाला तरी काम देतो. पण ३५ मिमी एचपी५ला पहिला डेव्हलपर म्हणून देऊ नये. ग्रेन, म्हणजे चित्रातले कण, टोकदार येतो आणि सावल्यांमधला तपशील थोडा जातो. मग नवशिक्याला वाटतं आपलंच काही चुकलं. १०० आयएसओच्या फिल्मला मात्र सुंदर. अल्कली तीव्र आहे, हातमोजे घाला. डी-७६मधल्या मेटॉल या घटकामुळे काहींच्या त्वचेला त्रास होतो, तेव्हा त्यालाही हातमोजे हवेतच.

इल्फोसोल ३ वाईट नाही, पण फोडल्यावर फार टिकत नाही. तुमच्या वेगाने अर्धी बाटली फेकावी लागेल. एक्सटॉलही सध्या नको. तो बिघडताना रंग बदलत नाही, त्यामुळे मेलेला डेव्हलपर ओळखू येत नाही.

फिल्मवेडा
मग डी-७६ नक्की. टिकवण्याचं आणि २७ अंशांचं गणित तेवढं सांगा.

उलटीप्रतिमा
१५० मिलिच्या सहा काचेच्या बाटल्या घ्या, शक्यतो गडद रंगाच्या. निवलेला स्टॉक सहाही बाटल्यांत बूच लावताना थेंबभर सांडेल इतका भरा. एक बाटली म्हणजे एक रोल. १५० मिलि स्टॉक, १५० मिलि पाणी, झाले ३००. बाटली एकदाच उघडते, हवा शिरतच नाही. उरलेल्या १०० मिलिवर चाचणी करा. चेंजिंग बॅगेत रोल भरताना कापलेलं फिल्मचं टोक उजेडात त्यात बुडवा. दोन-तीन मिनिटांत काळंभोर झालं तर डेव्हलपर जिवंत. स्टॉक चहासारखा तपकिरी झाला असेल तर चाचणी न करताच ओतून द्या.

तापमान पाण्यानेच जुळतं. स्टॉक २७ अंशांचा असेल तर तेवढंच १३ अंशांचं पाणी घाला, मिश्रण २० वर येतं. थंड पाणी फ्रिजमधलं आणि नळाचं मिसळून करा. उन्हाळ्यात २४ अंशांनाच काम करायचं असेल तर २१ अंशांचं पाणी घाला आणि ११ ऐवजी पावणेआठ मिनिटं धरा. धुण्याचं पाणी आणि फिक्सरही त्याच्या आसपास ठेवा, म्हणजे फिल्मला अचानक झटका बसत नाही.

ओतल्यावर पहिले दहा सेकंद चार वेळा टँक उलटा, मग टेबलावर दोनदा हलकेच आपटा. बुडबुडे फिल्मला चिकटून राहिले तर निगेटिव्हवर फिके गोल डाग पडतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. सतत हलवत राहिलात तर फिल्मच्या कडेच्या छिद्रांपाशी जास्त गडद पट्टे येतात.

हॅलाइड
दोन स्पायरलच्या टँकमध्ये एकच रोल असेल तर भरलेलं स्पायरल खाली आणि रिकामं वर ठेवा. नाहीतर टँक उलटताना भरलेलं स्पायरल मधल्या दांड्यावर वर सरकतं आणि फिल्मची एक कड डेव्हलपरच्या बाहेर राहते.

आणि रोल कोराच निघाला तर आधी कडेची अक्षरं बघा. फिल्मचं नाव नि आकडे स्पष्ट काळे असतील तर डेव्हलपर ठीक आहे, कॅमेऱ्यात रोल पुढे सरकलाच नव्हता किंवा शटर उघडलं नव्हतं. अक्षरंही नसतील तर डेव्हलपर मेलेला होता, किंवा फिक्सर आधी ओतला गेला. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि डेव्हलपरची बाटली उजवीकडे, फिक्सर डावीकडे, अशी जागा ठरवून टाका.