मदत हवी आहे : मोडीतल्या दोन ओळी आणि ४ फेब्रुवारी १८७२ ची रात्र

मंडळी, नमस्कार. मोडी वाचणारे आणि जुनी वर्तमानपत्रं चाळलेले, दोघांचीही मदत हवी आहे.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी रात्री मुंबईतून अरोरा, म्हणजे सूर्यावरच्या वादळांमुळे ध्रुवांकडच्या आभाळात दिसणारा रंगीत उजेड, दिसला होता. टाइम्स ऑफ इंडियाने ६ तारखेला बातमी दिली: सूर्यास्तानंतर फिकट उजेड दिसू लागला, रंग बदलत राहिला, पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला आणि सोमवारी उजाडेपर्यंत दिसत होता. समुद्राखालून जाणाऱ्या तारेच्या केबलवरही परिणाम झाला. एरवी अरोरा चुंबकीय अक्षांश (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांवरून मोजलेला अक्षांश) ६५ ते ७० च्या आसपास दिसतो, मुंबईचा तेव्हा जेमतेम १० होता! त्याच रात्री तो सुदानात खार्टूमलाही दिसला. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेला कॅमेऱ्यात लाल आभाळ आलं, त्याचं आपल्याला केवढं अप्रूप वाटलं. इथे तर थेट मुंबई.

आता माझं काम. आमच्या चौलच्या घरी मोडीतली एक रोजकीर्द आहे. सगळा नारळ-सुपारीचा हिशोब. एका पानावर 'पौष वद्य, शके १७९३' स्वच्छ वाचता येतं, तिथीचा आकडा कसरीने खाल्लाय, पुढे फक्त 'इंदु' उरलंय. म्हणजे इंदुवासर, सोमवार. त्या पौष वद्यात सोमवार दोनच येतात, २९ जानेवारी आणि ५ फेब्रुवारी. या पानाच्या समासात दोन ओळी आडव्या लिहिल्या आहेत. अख्ख्या वहीत समासात दुसरीकडे कुठे अक्षर नाही. मला त्यातलं 'उत्तरेस' एवढंच लागलं, आणि आपल्याकडून अरोरा दिसला तर तो उत्तरेलाच दिसणार. उत्तरेकडच्या वाडीबद्दलही असेल, मान्य आहे. पण झोप उडाली आहे खरी.

शके १७९३ चं पंचांग कुणाकडे असेल तर ५ फेब्रुवारीला कोणती तिथी होती, ते सांगाल का? अमावास्या चार दिवसांवर होती, तेव्हा दशमी ते द्वादशीपैकी काहीतरी. आकड्याचा खालचा गोलावा शिल्लक आहे, तो जुळवून बघता येईल. शिवाय चंद्र पहाटेच उगवला असणार, रात्र काळोखी होती, हेही आपल्या बाजूने आहे.

दुसरं, त्या काळच्या मराठी पत्रांत ही बातमी कुणी पाहिली आहे का? पुण्याचा ज्ञानप्रकाश आणि मुंबईचा इंदुप्रकाश दोन्ही तेव्हा चालू होते. शोधायचं कोणत्या शब्दाने, तिथेच माझं अडतं. 'ध्रुवीय प्रकाश' हा आपला आजचा शब्द. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, या जुन्या ज्योतिषग्रंथात, दिशा पेटल्यासारख्या दिसण्याला दिग्दाह म्हटलंय आणि त्यावर वेगळा अध्यायच आहे. पंचांग बघणाऱ्या माणसाच्या तोंडी हाच शब्द आला असेल, की नुसतं 'आभाळ तांबडे झाले' असं लिहिलं असेल? 'उत्पात' (अशुभसूचक घटना) हाही शब्द शक्य आहे. तेव्हाची भाषा वाचलेल्यांनी सांगावं.

एक गोष्ट मनाला फार लागते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या, १८५९ च्या सौर-चुंबकीय महावादळाची तिथली नोंद आजही जगभर वापरतात. चुंबकाच्या सुईने काय पाहिलं ते ठाऊक आहे. अंगणात उभ्या असलेल्या आपल्या माणसांनी काय पाहिलं, त्याची मराठी ओळ मला अजून सापडलेली नाही.

पानाचे दोन फोटो जोडतोय, एक तिरप्या उजेडात काढलेला. समासातला पहिला शब्द जरी लागला तरी कळवा.