मदत हवी आहे : मुक्तिसंग्रामात हत्यारं पोचवणाऱ्या बायकांची नावं कुठं सापडतील?

१७ सप्टेंबरच्या (मराठवाडा मुक्तिदिनाच्या) प्रदर्शनासाठी मराठवाड्यातल्या निजामाविरुद्धच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांची यादी करतोय. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके सगळ्यांना माहीत आहेत: पुरुषी पोशाख, घोडा, निजामाच्या सरहद्दीवर लढवय्यांनी उभारलेल्या कॅम्पांना हत्यारं पोचवणं. पण त्यांच्यापुढं यादी सरकेना.

अडचण कागदाची आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाला (पेन्शनला) मुख्य पुरावा तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा. केंद्राच्या योजनेत पुरुषांना तुरुंगवास ६ महिने, बायकांना ३. ओच्यात काडतुसं घालून रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या) नाक्यावरून निघून गेलेली बाई पकडलीच गेली नाही, मग तिचा कागद येणार कुठून? (काम चोख केलं, म्हणून नोंद नाही!) शिवाय फायलीत तिचं नाव 'अमक्याची बायको' एवढंच. त्यामुळं नुसत्या नावानं शोधू नका. आधी गाव, मग नवरा-भाऊ-दीर, शेवटी माहेरचं आडनाव, असं गेलं तर काही हाती लागतं.

म्हाताऱ्यांना 'तुमची आजी लढ्यात होती का' विचारलं की 'नाही, ती भाकरी करायची' हेच उत्तर येतं. त्याऐवजी भाकरी कुणासाठी, किती जणांच्या, रात्री कोण न्यायचं, कणगीत काय लपवलेलं असायचं, असं विचारून बघा.

तेलंगणात मल्लू स्वराज्यम यांच्यासारख्या, सशस्त्र तुकडीत (दलात) बंदूक चालवणाऱ्या बायकांची नोंद आहे. आपल्याकडं उमरखेड, बार्शी कॅम्पांच्या हजेरीवह्या, शस्त्रवाटपाच्या चिठ्ठ्या कुणी पाहिल्यात का? असतील तर कुठं, आणि बायकांची नावं त्यात कशी लिहिलीत?