मदत हवी आहे: मानवी हक्क आयोगाकडची तक्रार 'निकाली' दाखवतेय, परत टाकू का? (सोलापूर)

टॉवेलवाला_मामा
नमस्कार. दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गेली होती. काल वेबसाइटवर बघितलं तर 'डिस्पोज्ड विथ डायरेक्शन्स'. आम्हाला कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही, आणि निकाल लागला पण? परत नवीन टाकू का? मुंबईला टाकू की दोन्हीकडे? आणि भाच्याचा मोबाईल कधी मिळणार? हप्ते अजून माझ्या खात्यातून जातायत. लवकर सांगा, सोमवारची एकच सुट्टी काढलीय.

हडपसरचा_पाहुणा
तक्रार कशाबद्दल? कुणाविरुद्ध? मोबाईलचा काय संबंध?

टॉवेलवाला_मामा
पोलिसांविरुद्ध, अजून कुणाविरुद्ध असणार. भाच्याला चोरीच्या संशयावरून उचललं, दोन रात्री बसवून ठेवलं, तळपाय सुजवून सोडून दिलं. कोर्टापुढं नेलं नाही, कुठं सही नाही, कागद नाही. मोबाईल ठेवून घेतला. कुठलं ठाणं ते इथं लिहीत नाही.

हप्तेमुक्त
हप्त्यांचा घोळ असेल तर बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेने 2021 पासून सगळं एकाच योजनेत आणलंय. आधी बँकेला लेखी द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं की ऑनलाइन टाका. फी नाही. माझे कार्डावरचे साडेचार हजार परत आले.

टॉवेलवाला_मामा
बँकेशी भांडण नाही ओ माझं.

लोकपाल_समर्थक
लोकपालाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मूळ कल्पना स्वीडनची, 1809 सालची. सरकारने नागरिकावर अन्याय केला तर ऐकून घेणारा स्वतंत्र माणूस. आपल्याकडे 1966 साली प्रशासकीय सुधारणा आयोगाने तशी शिफारस केली आणि राज्यांत लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य महाराष्ट्र. 1971 चा कायदा आहे. मराठीत अर्ज करा, मुंबईला पाठवा. दिल्लीच्या नादी लागू नका.

निवृत्त_पेशकार
समर्थकसाहेब, इतिहास बरोबर, रस्ता चुकीचा. त्याच 1971 च्या कायद्याची तिसरी अनुसूची काढून वाचा. गुन्ह्याच्या तपासासाठी केलेली कृती गाऱ्हाण्यातून वगळलेली आहे. पोलीस पहिलं उत्तर तेच देणार. दिल्लीचा लोकपाल भ्रष्टाचारापुरता. बेकायदा डांबून ठेवणं आणि मारहाण हे 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं काम, म्हणजे आयोगाचंच.
मामा, तीन गोष्टी सांगा: घटनेची तारीख, आदेशात नेमकं काय लिहिलंय, आणि दवाखान्याचा कागद आहे का.

टॉवेलवाला_मामा
गड्ड्यात झालं. अक्षता बघून होम मैदानावरून घरी येत होता तेव्हा उचललं, दारूकामाच्या, म्हणजे आतषबाजीच्या, रात्री सोडलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कागद नाही. आदेश मोबाईलवर उघडत नाही.

हडपसरचा_पाहुणा
गड्डा म्हणजे कधी?

सिद्धेश्वर_पेठ
गड्डा माहीत नाही, काय बे! आमची सिद्धेश्वर यात्रा. 13 जानेवारीला अक्षता, 14 ला होम, 15 ला दारूकाम. सात नंदीध्वज निघतात. लहानपणी आम्ही पाळण्यासाठी वर्षभर चिल्लर साठवायचो, आता पाळण्याचे दर ऐकून खालीच उभं राहून भजी खातो.

अक्कलकोट_रोड
भजी नको, मौत का कुआं बघायचा.

निवृत्त_पेशकार
मंडळी, पाळण्यातून उतरा. नोव्हेंबर संपत आलाय. त्या 1993 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे घटनेपासून एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करत नाही. मामांच्या हातात जेमतेम दीड महिना आहे. दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलंय की पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण कमीत कमी एक वर्ष जपलं पाहिजे. जानेवारीनंतर ते पुसलं गेलं तर भाचा तिथं होता हे कशावरून दाखवणार? 13 ते 15 जानेवारीचं चित्रण राखून ठेवा असा अर्ज सोमवारीच द्या आणि पोच घ्या. चित्रण हातात मिळेल न मिळेल, पोच तरी राहील.

काळा_कोट
आयोग फक्त शिफारस करतो. भरपाई द्या, खटला भरा असं सरकारला कळवतो, सरकार महिन्याने आपलं म्हणणं पाठवतं, खेळ संपला. सरळ कोर्टात खाजगी फिर्याद करा. त्याच 1993 च्या कायद्यात कलम 30 आहे, सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमता येतं. ते कुणी सांगत नाही.

निवृत्त_पेशकार
वकीलसाहेब, फी कोण भरणार? आणि कोर्टात गेलं की आयोग 'प्रकरण न्यायप्रविष्ट' म्हणून फाईल बंद करतो, हेही सांगा की. शिफारस म्हणून नाक मुरडू नका. साक्षीदार बोलवायला, कागद मागवायला आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. दिल्लीचं पत्र आल्यावर साहेबांच्या टेबलावर फाईल कशी फिरते ते तीस वर्षं बघितलंय मी.

काळा_कोट
आम्हीही बघतो, तारखेला. फीचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, पात्र असाल तर वकील फुकट मिळतो.

टॉवेलवाला_मामा
मुलीनं कॉम्प्युटरवर उघडून वाचून दाखवलं. लिहिलंय की वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी आठ आठवड्यांत योग्य ती कारवाई करावी, तक्रारदाराला किंवा पीडिताला सोबत घेऊन करावी, आणि काय केलं ते त्यांना कळवावं. आम्हाला कुणीच कळवलं नाही. आठ आठवडे कधीच होऊन गेले.

निवृत्त_पेशकार
म्हणजे तक्रार फेटाळली नाही, खाली पाठवली. दोन्हींत फरक आहे. आदेशात तक्रारदार म्हणून कुणाचं नाव आहे?

टॉवेलवाला_मामा
आम्ही कुठं टाकली तक्रार? गाडीवर 'मानवाधिकार' अशी लाल पाटी लावलेले एक भाऊ आहेत, त्यांनी टाकली. ओळखपत्र दाखवलं, पाच हजार घेतले. नाव, पत्ता, फोन त्यांचाच असेल.

सिद्धेश्वर_पेठ
घ्या!! दहा पोस्टनंतर हे सांगूलालेत.

टॉवेलवाला_मामा
कुणी विचारलंच नाही.

निवृत्त_पेशकार
मामा, आयोगाची माणसं असली पाटी लावून पैसे घेत फिरत नाहीत. ती खाजगी संघटना. पीडिताच्या वतीने दुसऱ्याने तक्रार केलेली चालते, पण मग पत्रं त्याच्याच पत्त्यावर जातात. तुमचं बोलावणं त्यांच्याकडे गेलं असणार. आत्ता फोन करा.

टॉवेलवाला_मामा
केला. पत्र आलं होतं म्हणे, "मी साहेबांना भेटून आलो, सांगायचं राहिलं." जबाब कुणाचा लिहून दिला विचारलं तर फोन कट. आता उचलेनात.

निवृत्त_पेशकार
आता नवी तक्रार नको आणि मुंबईच्या राज्य आयोगाकडेही नको. एकाच प्रकरणाची दोन दारं ठोठावली की दोन्ही आयोग एकमेकांकडे बोट दाखवतात. जुना केस नंबर टाकून भाच्याच्या सहीने अर्ज करा: मला बोलावलं नाही, माझा जबाब नाही, कारवाई कळवली नाही, फाईल पुन्हा उघडा, आणि इथून पुढे पत्रव्यवहार माझ्याच पत्त्यावर. मराठीत चालतो. शेजारपाजारच्या ज्यांनी सुजलेले पाय बघितले त्यांची नावं घाला. डॉक्टरांकडे वहीत नोंद असेल तर झेरॉक्स मागा.
मोबाईल आयोग देणार नाही. मुद्देमालाची पावती किंवा पंचनामा आहे का? गुन्हा दाखल असेल तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, सुटतो. नसेल तर कशाखाली ठेवून घेतला, ते माहितीच्या अधिकारात विचारा.

हप्तेमुक्त
मोबाईल हरवला असेल तर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर ब्लॉक करता येतो. त्याला पोलिसांकडे हरवल्याची तक्रार लागते.

टॉवेलवाला_मामा
हरवला नाही ओ, कुठंय ते माहीत आहे.
पेशकारसाहेब, भाचा सही करायला तयार नाही. जाऊ दे मामा, परत उचलतील म्हणतो. त्याच्या आईला घेऊन आज रात्री बसतो समजवायला. अर्जाला स्टँप लागतो का?

निवृत्त_पेशकार
आयोगाला लागत नाही. माहितीच्या अधिकाराला दहाचा लागतो. परत त्रास होईल ही भीती पण अर्जातच लिहा, त्याच्याच शब्दांत.